मुद्देमाल वैरण खातो

2018 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या कोर्टात आम्ही वारसाच्या दाखल्यासाठी खेटे घालत होतो. व्हरांड्यातल्या बाकावर रोज एक म्हातारे हेडी बसलेले असायचे. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बाजार समितीच्या पावत्या. आठवडी बाजारातून नऊ म्हशी घेऊन निघालेला त्यांचा ट्रक रस्त्यात अडवला गेला होता. दाटीवाटीने बांधल्या, पाणी दिले नाही, अशी फिर्याद. म्हशी एका संस्थेच्या गोठ्यात गेल्या आणि चाचा बाकावर आले. ट्रक कुणी अडवला, ते का अडवले, या वादात ते पडत नसत. त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो ते शिपायालाही विचारायचे, आम्हालाही : "त्यातल्या दोन गाभण हैत. तिथं व्याल्या तर रेडकू कुणाचं?"

आम्ही वकील नाही. पण हा प्रश्न डोक्यात राहिला आणि त्याच्या मागे मागे जाताना जे वाचले ते येथे मांडत आहोत. जनावराची हेळसांड झाली म्हणून सरकारने ते ताब्यात घेतले आणि मालक ते परत मागायला न्यायालयात गेला, तर काय होते? आपल्या समाजातले कितीतरी लोक जनावरांच्या व्यापारावर जगतात. असे असूनही या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे कुणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आपले लेखक तलाक, पोटगी, वक्फ यांवर भरपूर लिहितात. म्हशीवर कोण लिहिणार?

प्रश्न मात्र जुना आहे. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणी मौलवीसाहेबांकडून ऐकलेली असते. दुसरी हदीस त्या मानाने कमी सांगितली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारीच्या बागेत गेले. तिथला उंट त्यांना पाहून रडू लागला. त्यांनी त्याला थोपटून शांत केले आणि हा उंट कुणाचा, असे विचारले. मालक पुढे आला. अल्लाहने ज्या जनावराचे तुला मालक केले त्याच्याबाबत तुला अल्लाहची भीती वाटत नाही का, अशा अर्थाने त्यांनी त्याला फटकारले. तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, ही त्या उंटाची तक्रार होती. अबू दाऊदच्या संग्रहात ही हदीस आहे. आम्हाला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे हेळसांड हा गुन्हा आहे, त्यात सवलत नाही. दुसरी म्हणजे सगळ्यात आधी विचारले गेले ते मालक कोण, आणि जे सांगायचे ते त्याच्या तोंडावर सांगितले गेले.

पुढे फिकहच्या ग्रंथांत यावर चक्क वाद झाला. मालक जनावराला चारा देत नसेल तर काझीने त्याच्यावर सक्ती करावी का? बाराव्या शतकातल्या मर्गीनानींचा 'हिदाया' हा ग्रंथ हिंदुस्थानातल्या मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. कंपनी सरकारच्या न्यायालयांसाठी 1791 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. त्यात पोटगीच्या प्रकरणाच्या शेवटी, बायको-मुले-गुलाम यांच्यानंतर, जनावरे येतात. हनफी पंथाचे प्रचलित मत असे की जनावराला खायला घालणे हे मालकाचे अल्लाहपुढचे कर्तव्य आहे, पण काझी त्याची सक्ती करणार नाही. कारण सक्ती कुणाच्या फिर्यादीवरून करायची? गुलाम काझीकडे जाऊ शकतो, जनावर जाऊ शकत नाही. इमाम अबू हनीफांचे शिष्य आणि बगदादचे काझी अबू यूसुफ यांचे मत मात्र सक्ती करावी असे नोंदलेले आहे. शाफई पंथाचे फकीह आणखी पुढे गेले : मालकाने चारा द्यावा, नाहीतर विकावे, नाहीतर खाण्याजोगे असेल तर हलाल करावे. मावर्दींनी तर बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबाच्या कामांतच जनावरावर जादा ओझे लादणाऱ्याला अडवणे हे काम घातले आहे.

विकावे हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. जनावर मालकाच्या हातून काढायचे, पण त्याची किंमत त्याच्या हातात ठेवायची. शिक्षा आणि मिल्कत या दोन गोष्टी त्या फकीहांनी वेगळ्या ठेवल्या होत्या.

मुंबईत हा विषय कायद्याच्या भाषेत यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1832 मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ती धर्मादाय जागा होती. तिच्यामागे पोलिसी अधिकार नव्हता. तो आला 1874 मध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक मंडळी निघाल्यावर. 1883 मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना सुरू झाला. 1890 मध्ये देशाचा कायदा झाला आणि त्यात दवाखान्याला जागा मिळाली. कामाला नालायक बैल किंवा घोडा जुंपलेला दिसला तर त्याला दवाखान्यात न्यायचे, बरा करायचा, चारापाण्याचा खर्च मालकाकडून ठरलेल्या दराने घ्यायचा. मालक खर्च देईना किंवा जनावर नेईना, तर विकून पैसे वळते करायचे.

हा कायदा गाडीवानांना, टांगेवाल्यांना नक्कीच जाचला असणार. चाबूक गरिबाच्या हातात असतो, म्हणून क्रौर्यही त्याच्याच हाती दिसते. गोऱ्या साहेबाच्या शिकारीला तो कायदा शिवत नव्हता. तरी त्यात एक सरळपणा होता. जनावर दवाखान्यात जायचे ते परत येण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खासगी विधेयक आणले. पंडित नेहरूंनी सरकारच कायदा करील असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. आज जे काही खटले होतात ते याच कायद्याखाली. त्याची तीन कलमे आम्ही पुन्हापुन्हा वाचली. ती वाचल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही.

कलम 34 पोलिसाला जनावर ताब्यात घेण्याचा अधिकार देते, पण कशासाठी? दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी. कलम 35 म्हणते की दंडाधिकारी जनावराला दवाखान्यात किंवा पांजरपोळीत पाठवू शकतो. खर्च मालकाने द्यायचा, न दिल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल व्हायचा. याच कलमात एक परंतुक आहे : मालक गरीब असेल तर उपचाराचा खर्च घेऊ नये, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. बाकावरच्या चाचांना हे परंतुक कुणी सांगितले नव्हते. जनावर विकावे लागले तर खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाला मिळावी, हेही तिथे लिहिले आहे. मात्र त्याने दोन महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे.

आणि कलम 29. मालकी काढून घेण्याचा अधिकार या कलमात आहे, आणि तो दोष सिद्ध झाल्यानंतरचा आहे. त्यातही पहिल्याच गुन्ह्यात सरसकट नाही. मालकाला आधी शिक्षा झालेली असली पाहिजे, किंवा त्याचे चारित्र्य, त्याची वागणूक पाहता जनावर त्याच्याकडे ठेवले तर पुन्हा छळ होईल, असे न्यायालयाला वाटले पाहिजे. जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा कलम 11 खालचा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपेक्षा कमी नाही आणि पन्नास रुपयांपेक्षा जास्त नाही.

पन्नास रुपये! प्राणिमित्र या आकड्यावर हसतात, रागावतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. घोड्याची पाठ सोलून काढणाऱ्याला पन्नास रुपये ही थट्टाच झाली. पण मालकाच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे होते. समजा, एका म्हशीच्या वैरणीचा आणि देखभालीचा दर दिवसाला दोनशे रुपये धरला. नऊ म्हशी, एक वर्ष. 6 लाख 57 हजार रुपये होतात. खटल्यात दोषी ठरलाच तर दंड पन्नास, निर्दोष सुटला तर शून्य. आणि दोन्ही वेळा वैरणीचा कागद समोर. म्हणून या लढाया गुन्ह्याच्या निकालावर फार कमी वेळा लढल्या जातात. त्या ताब्यावर लढल्या जातात. पोलिसांच्या लेखी जनावर हा मुद्देमाल. जप्त मोटारसायकल किंवा जप्त दारू असते तसा. फरक एवढाच की हा मुद्देमाल वैरण खातो, आटतो, वितो, म्हातारा होतो, मरतो.

मालकाने करायचे ते असे : प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याकडे सुपूर्तनाम्यावर ताबा मागायचा, नाकारला तर सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज, मग उच्च न्यायालय. प्रत्येक पायरीवर तारखा. ईदसाठी वाढवलेला बोकड असेल तर ईद होऊन गेल्यावर तो परत मिळून काय उपयोग? दुभती म्हैस गोठ्यावर परत येते तेव्हा भाकड झालेली असते.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दोन प्रकरणांनी या लढाईची दिशा ठरवली, आणि गंमत अशी की त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. पहिले 1998 चे, गुजरातमधल्या दियोदरच्या पांजरपोळीचे. खालच्या न्यायालयाने मालकाला ताबा दिला होता आणि पांजरपोळ अपिलात गेली होती. आमचाच हक्क आधी, हे तिचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती सय्यद शाह मोहम्मद कादरी यांनी. आरोप किती गंभीर आहे, मालकावर हा पहिलाच खटला आहे की आधी शिक्षा झाली आहे, जनावर सापडले तेव्हा कोणत्या अवस्थेत होते, परत दिले तर पुन्हा छळ होण्याचा संभव किती, हे पाहायचे. पहिलाच खटला असेल तर मालकाची बाजू वरचढ. पुढची गोष्ट आम्हाला त्याहून मोलाची वाटते. पांजरपोळीलाही प्रश्न विचारायचे : ती कुणाला जबाबदार आहे, आणि सोपवलेल्या जनावरांची काळजी घेण्याचा तिचा पूर्वेतिहास कसा आहे? दयेच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेचाही हिशेब मागता येतो, हे या निकालाने नोंदवून ठेवले.

दुसरे प्रकरण 2002 चे, उत्तर प्रदेश सरकारचे अपील. जनावरे एकमेकांना घट्ट बांधून कत्तलीसाठी नेत असल्याचा आरोप होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ताबा मालकांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याची भाषा वापरली, आदेश रद्द केला आणि खटला चालेतो जनावरे गोशाळेत ठेवायला सांगितले. निकाल जेमतेम पानभराचा. दियोदरच्या कसोट्यांची चर्चा त्यात नाही. पण आडवा आणि थोडका असल्यामुळेच की काय, सरकारी वकिलांच्या हाती तो फार सोयीचा पडला. त्या पानभर आदेशात आणखी एक वाक्य होते : खटला चालू असेपर्यंत त्या जनावरांची सगळी जबाबदारी राज्य सरकारची. मालकाचा ताबा नाकारताना निकालाचा पहिला भाग वापरायचा आणि वैरणीचे बिल त्याच्याच हातात देताना दुसरा विसरायचा, याला काय म्हणावे?

महाराष्ट्रात 2015 मध्ये गाय, बैल, वळू यांच्याबाबतचा सुधारित कायदा आला, तेव्हा खटला चालू असताना जनावर गोशाळेत आणि खर्च आरोपीवर, हे त्या कायद्यातच लिहिले गेले. तो हत्याबंदीचा कायदा, हेळसांडीचा नव्हे, आणि म्हशी त्यात येत नाहीत. पण रस्त्यावर एवढा भेद कोण पाळतो?

मग 23 मे 2017. त्या दिवशी केंद्र सरकारने दोन नियमावल्या काढल्या. जनावरांच्या बाजारांवरची नियमावली गाजली. मद्रास उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली, वर्तमानपत्रे भरून गेली. तिच्या शेजारी खटल्यातील मुद्देमाल जनावरांच्या देखभालीची दुसरी नियमावली होती. तिच्याकडे फार कुणी पाहिले नाही. तिने असे ठरवले की जनावरांच्या खर्चापोटी मालकाने जामीनदारांसह बंधपत्र द्यायचे. दिले नाही तर जनावरावरचा हक्क गेला. वाहनही तारण. दोषी ठरला तर मालकी जाणारच. पहिला गुन्हा की दुसरा, हा कलम 29 मधला विचार इथे उरला नाही. आणि निर्दोष सुटला तर? जनावर परत, आणि बंधपत्रातली न वापरलेली रक्कम परत. 'न वापरलेली' या शब्दाशी आम्ही बराच वेळ थांबलो. न केलेल्या गुन्ह्याची वैरण मालकानेच भरायची, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

या नियमांविरुद्ध म्हैस व्यापाऱ्यांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 4 जानेवारी 2021 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने सरकारला स्पष्ट विचारले की कलम 29 दोषसिद्धीनंतरचे असताना नियम त्याआधीच जनावर कसे काढून घेतात. ही जनावरे म्हणजे लोकांच्या उपजीविकेचे साधन आहे, नियम बदला नाहीतर आम्ही स्थगिती देऊ, असे त्यांनी सुनावले. सरन्यायाधीश नागपूरचे. विदर्भातला बैलबाजार त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नसेल, असे आपले आम्हाला वाटते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही मालकांची वकिली करीत आहोत. तसे नाही. चाचांच्या ट्रकमध्ये म्हशी नऊ होत्या. 1978 च्या वाहतूक नियमांनी मालमोटारीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरे नेऊ नयेत असे सांगितलेले आहे. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी म्हशीला दोन चौरस मीटर जागा, वाहनात कायमचे कप्पे, हे ठरवले. पशुवैद्यकाचा दाखला, वाटेतला चारा, पाणी, हे सगळे लिहिलेले आहे. आम्ही त्यांना म्हटले, "चाचा, सहा न्यायच्या तर नऊ का भरल्या?" ते म्हणाले, "सहा नेल्या तर डिझेल निघत नाही." हे खरे आहे, आणि म्हशीला श्वास घ्यायला जागा नव्हती हेही खरे आहे. आपल्या बिरादरीत, आपल्या बाजारांत, हा दुसरा भाग बोलायची पद्धत नाही. ट्रक अडवणाऱ्यांच्या गुंडगिरीविषयी आपण बोलतो, बोललेच पाहिजे. माणसे मेली आहेत. पण शेपटी पिरगाळून फळीवर चढवलेले जनावर पाहून मान फिरवणारे आम्हीही आहोत. त्या उंटाच्या मालकाला फटकारले गेले तेव्हा त्याच्याकडेही डिझेलसारखे काही कारण असेलच.

आता अलीकडची एक गोष्ट. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात, एकाच पावसाळ्यात, दोन मालक सरकारपुढे उभे होते. एक होता कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीचा जैन मठ. त्यांची महादेवी हत्तीण तिथे 1992 पासून होती. तिच्या पायांची दुखणी, जखमा यांवरून तक्रारी झाल्या. उच्चाधिकार समितीने तिला जामनगरच्या केंद्रात हलवण्याची शिफारस केली. 16 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने मठाची याचिका फेटाळली, 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. हत्तीण गेली. त्याआधी 2014 मध्ये जोतिबाच्या सुंदर हत्तीबाबतही असेच झाले होते. तो बन्नेरघट्टाला गेला. पण या वेळी कोल्हापूर पेटून उठले. नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत मूक मोर्चा निघाला, त्यात सर्व जातिधर्मांचे लोक चालले. मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, मठाबरोबर सरकारही न्यायालयात जाईल असे सांगितले, आणि जामनगरच्या संस्थेने नांदणी परिसरातच केंद्र उभारण्याची तयारी दाखवली.

दुसरे मालक होते कुरेशी समाजाचे व्यापारी. रस्त्यावरच्या अडवणुकीला आणि जप्त्यांना कंटाळून त्यांनी त्याच आठवड्यांत अनेक जिल्ह्यांत जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. आठवडी बाजार ओस पडले. भाकड जनावर दावणीला राहिले तेव्हा शेतकऱ्यांनाही त्याची झळ लागली आणि त्यांच्यातल्या काही नेत्यांनी व्यापाऱ्यांच्या बाजूने तोंड उघडले. सरकारबरोबर त्यांचीही बैठक झाली.

हत्तिणीवर लोकांनी जीव लावला होता, यात आम्हाला शंका नाही. महादेवीचे प्रकरण वन्यजीव कायद्याच्याही कक्षेतले, म्हशीच्या ट्रकशी त्याची नेमकी तुलना होत नाही, हेही कळते. आमचे लक्ष गेले ते एका छोट्या गोष्टीकडे. मठाला प्रत्येक पायरीवर आपले म्हणणे मांडायला वकील होता, कागद होता, ऐकणारे खंडपीठ होते. तरीही हत्तीण गेली म्हणून अन्याय झाल्याची भावना गावागावांत पसरली. ज्याचा अर्ज तालुक्याच्या कोर्टाच्या पुढे कधी गेलाच नाही, त्याच्या भावनेचे काय होत असेल?

चाचांचा अर्ज गेला नाही. बंधपत्राची रक्कम त्यांना झेपण्याजोगी नव्हती, आणि जामीनदार म्हणून उभा राहणारा भाचा ऐन वेळी आला नाही. पावसाळा सुरू झाल्यावर ते बाकावर दिसेनासे झाले. आमचे वारसाचे काम संपले त्या दिवशी आम्ही शिपायाला विचारले. तो म्हणाला, म्हातारा हल्ली कोंबड्या विकतो, सायकलवर. आणि रेडकाचे? शिपाई म्हणाला, "एक व्यालीय म्हणे. त्याची नोंद कशातच नाही. जप्तीच्या पंचनाम्यात म्हशी नऊच हैत."